देवघरातलं गोव्याचं नाणं

"देव उजळायला दिलेत निपाणीला," अण्णा फोनवर म्हणाला, आणि माझ्या हातातला चहाचा कप तसाच राहिला.

"सगळे?"

"सगळेच की. पोरीचं लगीन हाय. झिजल्यालं देव मांडायचं व्हय? तुझी वैनी म्हायेराला गेलती, तवा देऊन आली."

"अण्णा, वाटेचा देवपण दिला?"

पलीकडं गाय हंबरलेली ऐकू आली. मग तो म्हणाला, "त्ये तिलाच इचार," आणि फोन ठेवला. वहिनीला फोन लावला तर तो वाजून वाजून थांबला. तिचा फोन कायम तांदळाच्या डब्यावर असतो आणि ती कायम गोठ्यात असते. मी पायात चपला सरकवल्या, घराला कुलूप लावलं आणि बेळगावच्या स्टँडवर येऊन निपाणीची बस शोधायला लागलो.

मी एवढा का पेटलो होतो ते कळायचं तर आमचं देवघर सांगायला हवं. अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ. जांबोटीच्या पुढं, बस सोडते तिथून तासभर चालत जावं लागतं अशा गावात तो भात पिकवतो आणि गुरं राखतो. मी बेळगावात हायस्कुलात इतिहास शिकवला आणि निवृत्त झालो. शेताची वाटणी झाली, देवांची झाली नाही. आमच्याकडं देव थोरल्या घरी राहतात आणि थोरली सून त्यांना रोज आंघोळ घालते. देवघरात चांदीचे पाच टाक होते. जोतिबा, खंडोबा, भवानी आणि यल्लम्मा हे चार पातळ पत्र्यावर ठोकून उठवलेले, हातात घेतले तर वाऱ्यानं उडतील की काय असं वाटायचं. पाचवा मात्र जाड, वजनदार आणि कडेनं वेडावाकडा कातरल्यासारखा. त्याच्यावर पायघोळ झग्यातला एक माणूस उभा, हातात काठी आणि डोक्याभोवती एक वाटोळी कड. आमच्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या ते काय मानलं असेल? इरलं! आमच्याकडं पाऊस असा कोसळतो की डोक्यावर इरलं घेतल्याशिवाय बांधावर जाता येत नाही. तेव्हा काठी आणि इरलं घेऊन निघालेला हा वाटसरू म्हणजे वाटेचा देव.

कुणी परगावी निघालं की वहिनी त्याला हळदीचं बोट लावायची आणि सांगायची, "निघालाय बघ, ध्यान ठेव." मी कॉलेजसाठी बेळगावला निघालो तेव्हा ती या घरात नुकती आलेली होती, तोंडातून शब्द फुटत नव्हता तिच्या. पण सासूनं शिकवलेलं ते वाक्य तिनं म्हटलं होतं. त्यानंतर चाळीस वर्षं मी त्या घरातून जितक्या वेळा निघालो तितक्या वेळा तिनं ते म्हटलं. मी इतिहासाचा मास्तर, नवस-सायास न मानणारा. पण ती सांगून होईपर्यंत उंबऱ्याबाहेर पाय टाकत नसे.

बस सापडली. भरलेली होती. "मुंद होगरी, मुंद होगरी," कंडक्टर ओरडत होता, आणि मुंद म्हणजे पुढं जायला जागा असती तर मी गेलोच असतो. हायवेवर कुठंतरी काम चाललेलं, गाडी दर दोन मिनिटांनी थांबायची. मला सोनाराचा फोन नंबर माहीत नव्हता. दुकान माहीत होतं, कारण वहिनीचं माहेर निपाणीजवळचं बोरगाव, आणि तिच्या हट्टामुळं आमचे देव निपाणीतच उजळून यायचे. लग्नाआधी देव उजळायचे म्हणजे नुसते घासून आणायचे नसतात. झिजलेला टाक सोनार वितळवतो, त्यात थोडी नवी चांदी घालतो आणि त्याचाच नवा टाक ठोकतो. आमच्या जोतिबात पणजोबांच्या जोतिबाची चांदी आहे. वर्गात हे मी मोठ्या कौतुकानं सांगत असे. वाटेचा देव मात्र जाड, तो आजवर कधी मुशीत गेला नव्हता. पण टाकाचं चालतं ते नाण्याचं कसं चालावं? नाणं एकदा मुशीत गेलं की संपलं, मग ती नुसती चांदी.

होय, नाणं. वाटेचा देव हे एक नाणं होतं आणि हे आमच्या घराण्यात पहिल्यांदा मला कळलं, याचा मला किती अभिमान होता काय सांगू. दोन वर्षांपूर्वी आम्ही काही निवृत्त शिक्षक गोव्याला गेलो होतो. बाकीचे समुद्रावर गेले, मी नाणी बघायला एका संग्रहालयात गेलो. तिथं काचेच्या पेटीत आमचा वाटेचा देव पडलेला! तीच काठी, तोच झगा, तीच वेडीवाकडी कड. खाली चिठ्ठी होती, शेराफीन नावाचं नाणं, चांदी, गोवा. मी त्या काचेला नाक लावून किती वेळ उभा राहिलो कुणास ठाऊक, शेवटी रखवालदारानं मला हटकलं.

मग सगळं लख्ख झालं. पोर्तुगीजांनी गोव्यात बस्तान बसवलं, टांकसाळ घातली, जहाजांतून येणारी परदेशी चांदी वितळवून आपली नाणी पाडायला सुरुवात केली. एका अंगाला त्यांचा संत, दुसऱ्या अंगाला त्यांच्या राजाची ढाल. आमचे पूर्वज बैलांच्या पाठीवर तांदूळ लादून घाट उतरायचे आणि मीठ, नारळ घेऊन वर यायचे. त्यांना राजा कोण, संत कोण, काही देणंघेणं नव्हतं. चांदी खरी का आणि वजन पुरं का एवढंच बघायचे. बाकीची सगळी नाणी बाजारात गेली असणार. हे एक कुणाच्या तरी मनात भरलं. त्यानं ते खर्चलं नाही, आणून देवात ठेवलं. एवढा मोठा समुद्र, एवढं मोठं राज्य, आणि त्याची एक खूण आमच्या घरी रोज हळद खात बसलेली! मला वाटलं, या आनंदानं अख्खं घर उड्या मारील.

त्या दसऱ्याला सगळे भाऊबंद जमले होते. पूजा झाली आणि मी मोबाईलवरचा फोटो फिरवत सगळ्यांसमोर जाहीर केलं. कुणी ऐकलं, कुणी वड्या खाल्ल्या. मी म्हटलं, थांबा, पुरावा दाखवतो, आणि तबकातून तो उचलून तळहातावर पालथा केला.

वहिनीनं श्वास आत ओढलेला मला ऐकू आला. देव पालथा घालायचा नसतो. त्याला आजवर कुणी पालथा केलाच नव्हता, म्हणून तर मागची ढाल अशी ठसठशीत राहिली होती. पुढं दहा-बारा पिढ्यांच्या चिंचेनं त्या संताचं नाक पार घासून नेलेलं, आणि मागं मुकुट, ढाल, दोन अंगांना 'जी' आणि 'ए' ही गोव्याची रोमन अक्षरं, सगळं टांकसाळीतून काल आल्यासारखं. मी फोटो काढला. आनंदाच्या भरात मोबाईल स्थिर धरला नाही आणि तो फोटो पुसट आला. दुसरा काढणार, तेवढ्यात तिनं माझ्या हातातून तो घेतला, सुलटा केला आणि तबकात ठेवला.

"भावजी, मग ह्यो कोण?" तिनं विचारलं.

"कुणी नव्हे, वैनी. नाणं आहे."

"म्हंजे पैसा?"

"होय. पैसा. आणि ते इरलंबिरलं काही नाही, त्यांच्या संताची प्रभावळ आहे ती." हे मी ठासून सांगितलं. मास्तरकीची खोड, दुसरं काय!

तिनं तबक आपल्याकडं ओढून घेतलं. अण्णा मात्र हसला. "मास्तर, तुला गोव्याची जास्तच चढली रं," म्हणाला, आणि सगळे हसले.

त्यानंतरची दोन वर्षं मी नुसता डोकं आपटत होतो. नाण्यांतल्या एका जाणत्या प्राध्यापकांना फोटो पाठवला, तर ते म्हणाले, मागची बाजू नीट दिसत नाही, पुन्हा पाठवा. मी गावी गेलो. वहिनी म्हणाली, पालथा घालणार न्हाय. मी म्हटलं, बरं, उभा धरतो. ती म्हणाली, सोवळ्यात नसताना हात लावायचा न्हाय. आंघोळ करून आलो तर म्हणाली, आज अमावास्या हाय. तासभर चालत जायचं आणि तासभर चालत परत यायचं, हातात काय तर हळदीनं लडबडलेल्या पुढच्या बाजूचा आणखी एक फोटो. एका सरकारी कचेरीत गेलो, म्हटलं, तुम्ही तरी नोंद करून घ्या. अर्ज मराठीत होता म्हणून परत आला. कन्नडमध्ये लिहवून नेला, तर टेबलावरचा माणूस म्हणाला, "नाळे बर्री." उद्या गेलो, परवा गेलो. मग कळलं की नाण्यांचं काम या खात्याकडं नाहीच, दुसऱ्या गावच्या दुसऱ्या खात्याकडं आहे. त्या खात्यानं विचारलं, वस्तू कुठं आहे? मी म्हटलं, देवघरात. त्यावर त्या बाईनं माझ्याकडं अशा नजरेनं पाहिलं की मी अर्ज घडी करून खिशात घातला.

शेवटी मी अण्णाला सरळच म्हटलं, "अण्णा, तो मला दे. मी जपून ठेवतो, बँकेत ठेवतो."

"देव वाटणीत जात न्हाय," अण्णा म्हणाला. "तू काय बी म्हण, आमचा देव हाय त्यो."

झालं, विषय संपला. निपाणीच्या बसमध्ये एका पोत्याला टेकून उभा असताना माझ्या डोक्यात तेच घुमत होतं. दोन वर्षं अण्णा 'देव आहे' म्हणून अडून बसला, मग आता त्याच देवाला भट्टी कशी दाखवली?

सोनाराचं दुकान गल्लीत आत आहे. आत उजेड कमी, भट्टीची ऊब, आणि ठोकायचे ठसे ओळीनं मांडलेले. सोनार माझ्याच वयाचा, नाकावर चष्मा. त्यानं मला ओळखलं.

"या सर, बसा. झालंत बघा तुमचं देव." त्यानं गुलाबी कागद उलगडला. जोतिबा, खंडोबा, भवानी, यल्लम्मा. नवे, झगझगीत, नाकीडोळी नीटस.

"पाचवा?"

त्यानं दुसरी एक छोटी पुडी काढून माझ्यासमोर ठेवली. आत जोडव्यांचा एक जोड होता. चांगला भक्कम, नक्षी साधीच.

मला आधी कळेचना. मी विचारलं, "हे काय?"

"त्योच की. वैनी म्हणाल्या, ही चांदी देवात मिसळू नगा. ह्यो देव न्हवं, नाणं हाय, पैसा. पोरीसाठनं जोडवी करा. मी म्हटलं बी, वैनी, लई जुनं दिसतंय, ऱ्हाऊ द्या. तर म्हणाल्या, न्हाय, आमच्या भावजींनी शोधून काढलंय, शिकल्याली मानसं हाईत, त्येंचं खोटं नसतंय. लई कौतिक करत हुत्या तुमचं."

मी तरी विचारलं, "मागच्या बाजूला ढाल होती. पाहिलीत?"

"व्हय, झ्याक हुती! कोरी करकरीत. कायतरी अक्षरं बी हुती दोन."

"फोटो काढलात?"

"सोनारानं फोटो कशाला काढायचा सर?" त्यानं खरोखरच्या आश्चर्यानं विचारलं.

मला त्या माणसाचा गळा धरावासा वाटला. आणि त्याच वेळी हेही कळत होतं की त्याची काहीएक चूक नाही. ती ढाल नीट उजेडात, निवांत, डोळे भरून पाहिलेला जगातला एकमेव माणूस तो, आणि पाहून झाल्यावर त्यानं ती मुशीत टाकली. मी त्या जोडव्यांवरून बोट फिरवलं. कुठं एखादी रेघ, एखादं अक्षर राहिलं असेल असं वेड्यासारखं वाटत होतं. काही नव्हतं. सोनार म्हणाला, "आलाईसा तर घिऊनच जावा सगळं," आणि त्यानं दोन्ही पुड्या माझ्या हातात दिल्या.

त्या रात्री बेळगावात माझा डोळा लागला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी जांबोटीची बस धरली आणि उतरून चालायला लागलो. एक तासाच्या त्या वाटेवर मी वहिनीला काय काय सुनवायचं ते सगळं रचत होतो. अण्णानं देव म्हणून मला दिला नाही, तुम्ही देव नाही म्हणून वितळवला, मग मी करायचं तरी काय होतं? हे वाक्य मला इतकं बिनतोड वाटलं की मी ते दोन-तीनदा मोठ्यानं म्हटलं. वाटेत एका म्हशीशिवाय ऐकायला कुणी नव्हतं.

वहिनी घरातच होती. अण्णा शेताकडं गेला होता. तिनं हातपाय धुतले, माझ्याकडून टाकांची पुडी घेतली आणि एकेक देव तबकात मांडला. तबकात पाचव्याच्या जागी एक वाटोळा डाग होता, इतक्या वर्षांच्या हळदीच्या पाण्यानं पडलेला. तिनं तो पदरानं पुसून पाहिला. निघाला नाही.

"वैनी, मला एकदा विचारायचं तरी होतं," मी म्हटलं. आवाज चढलाच माझा.

"इचारलं हुतं की," ती शांतपणानं म्हणाली. "दसऱ्याला. ह्यो कोण म्हणून इचारलं. तुम्ही म्हणालासा, कुणी न्हवं."

माझं बिनतोड वाक्य तिथंच राहिलं.

"ह्यास्नी पटलं न्हाय, भाऊबंदास्नी पटलं न्हाय. मला पटलं. तुम्ही कधी लबाड बोलला न्हाईसा." ती तबकाकडं बघत बोलत होती. "त्या दिवसापास्नं आंघोळ घालाय हात लागंना बघा. चौघास्नी घालायची, आणि ह्येला नुसतं पाणी लावायचं. चाळीस वर्सं कुणासंगं बोलत हुती मी, असं व्हायचं."

दोन वर्षांत मी किती दारं ठोठावली. प्राध्यापक, कचेरी, दुसरी कचेरी, सख्खा भाऊ. माझ्या बोलण्यावर पुरता विश्वास ठेवला तो या एका बाईनं, आणि तिनं विश्वास ठेवला म्हणूनच नाणं गेलं. नसता ठेवला तर ते आजही तबकात असतं, नाक झिजलेलं, इरलं घेतलेलं, कुणीही पालथं न केलेलं. मला स्वतःचा इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. ते मी चष्मा पुसण्याच्या निमित्तानं लपवलं.

"आणि जोडवीच का?" मी विचारलं.

"पोरगी लांब चाललीया, बंगळूरला. नोकरी तिकडं, आता घर बी तिकडं. देव असता तर पायात घातला नसता. पैसा हाय, तर जाऊ दे तिच्यासंगं चालत." तिनं जोडव्यांची पुडी उघडली, दोन्ही तळहातावर घेतली, वजन बघितल्यासारखं केलं आणि पुन्हा पुडी बांधून कपाटात ठेवली.

तिनं चहा केला. अण्णा आला, जोतिबा बघून म्हणाला, "झ्याक झालाय," आणि खाटेवर टेकला. लग्नाच्या याद्या निघाल्या, मांडव कुठं घालायचा यावर बोलणं झालं. मी हं हं करत राहिलो. दुपारची बस चुकली तर मग थेट सकाळीच, म्हणून मी उठलो. पिशवी खांद्याला लावली.

उंबऱ्याशी आलो आणि सवयीनं थांबलो. वहिनीही सवयीनं देवघराशी गेली होती. तिनं हळदीच्या कोयरीत बोट बुडवलं, तबकाकडं वाकली, आणि ते बोट त्या वाटोळ्या डागावर तसंच अधांतरी राहिलं. अण्णा खाटेवर बसून दोघांकडं बघत होता.

मग ती वळली. बोटाला हळद तशीच.

"भावजी," ती म्हणाली, "तुम्ही निघालासा, ह्ये आता सांगू कुणाला?"